मागची ओळ

वीस शिपाई आहेत. ते पाचपाचांच्या चार ओळींत उभे करावे, की दहादहांच्या दोन? प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. पण गेली काही वर्षे आम्ही सुटीच्या दुपारी याच प्रश्नापाशी बसत आलो आहोत, आणि कचेरीतील पुष्कळ कज्जांपेक्षा त्याने आम्हांस अधिक विचार करावयास लावले आहे.

हे शिपाई प्लॅस्टिकचे, बोटभरही उंची नसलेले. इंग्लंडातील नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने १९८३ साली 'वॉरहॅमर' नावाचा एक खेळ काढला. ब्रायन ॲन्सेल, रिचर्ड हॅलिवेल आणि रिक प्रीस्टली हे त्याचे कर्ते. खेळातील जग सर्वस्वी कल्पनेतले. डोंगर पोखरणारे ठेंगू, हिरव्या अंगाचे दांडगे ऑर्क, थडग्यांतून उठून आलेली प्रेते, आणि जुन्या जर्मन संस्थानांची आठवण करून देणारे माणसांचे एक साम्राज्य, अशा नाना प्रजा त्यात एकमेकींशी झुंजतात. बुद्धिबळासारखा चौकटींचा पट येथे नसतो. मोठ्या मेजावर टेकड्या, झाडी मांडावयाची, इंचपट्टीने अंतर मोजून सैन्य हलवावयाचे आणि झुंजीचा निकाल फाशांवर लावावयाचा. इंग्लंडात नोकरीस असलेल्या आमच्या भाच्याने एका भेटीत दोन सैन्ये आमच्या घरी आणून ठेवली, आणि जाताना नियमांचे जाडजूड पुस्तक आमच्या हाती देऊन म्हणाला, "मामा, तुम्ही वकील. हे वाचल्यावाचून तुम्हांला राहवणार नाही." त्याचा तर्क बरोबर ठरला.

या खेळातला पायदळाचा शिपाई एकटा कधी लढत नाही. लहानशा चौकोनी बैठकीवर तो चिकटवलेला असतो, आणि बैठकीला बैठक भिडवून त्याची तुकडी उभी राहते. तुकडीचे तोंड किती रुंद ठेवावयाचे आणि मागे किती ओळी लावावयाच्या, हे खेळाडूने ठरवावयाचे. प्रथमदर्शनी कोणीही म्हणेल की दहा रुंद करा, कारण दहा रुंद केले तर दहा हात चालतील आणि पाच रुंद केले तर पाचच. मागे उभे राहून फुकटचा शिधा खाणाऱ्यांचा उपयोग काय?

येथे थोडा हिशेब मांडावा लागतो. २००० आणि २००६ सालच्या आवृत्त्यांत साधारणतः पहिली ओळच लढे. सामान्य शिपायाचे निम्मे वार लागतात. लागलेल्यांपैकी निम्म्यांनी जखम होते. आणि जखमांचा तिसरा हिस्सा चिलखत अडवते. म्हणजे सहा वारांमागे एक माणूस पडतो. पाच हात अधिक चालले तरी त्यांतून शत्रूचा पुरता एक माणूससुद्धा पडत नाही. शिवाय शत्रूचे तोंड पाच रुंद असेल तर आपल्या दहांपैकी त्याला भिडतात ते समोरचे पाच आणि दोन्ही कोपऱ्यांवरचे दोघे, मिळून सात. उरलेले तिघे हवेत तलवारी परजीत उभे! उलट नियम असा, की पहिलीच्या मागे जितक्या भरलेल्या ओळी, तितके गुण झुंजीच्या निकालात तुकडीच्या पदरात पडावे. मात्र तीनपेक्षा अधिक नव्हे. चार ओळींच्या तुकडीला हे तीन गुण फासा टाकण्यापूर्वीच मिळालेले असतात. दोन ओळींच्या तुकडीला एकच. दोन गुणांची निश्चित मिळकत सोडून एका माणसाहून कमी अशा संशयित लाभामागे कोण शहाणा धावेल? मागे उभे राहणारे शिपाई वार करीत नाहीत हे खरे. पण पुढच्याने मागे वळून पाहिले तर तेथे कोणी तरी असते, याचीच किंमत नियमकर्त्याने आकड्यांत लावलेली आहे.

अर्थात हा न्याय सर्वांस सारखा लागू नाही. धनुर्धर असतील तर त्यांना रुंदच पसरावे लागते. मागच्याचा बाण पुढच्याच्या पाठीतून जात नाही. निवडक योद्धे असतील, एकेकाचे दोन दोन वार आणि प्रत्येक वार जिव्हारी, तर त्यांनाही थोडे रुंद करणे फायद्याचे. ज्याच्या हातात कसब आहे त्याला पुढे जागा द्यावी. जो सामान्य आहे त्याच्या मागे माणसे द्यावी. हा भेद आम्हांस आमच्या धंद्यातही दिसतो. नवा वकील अपिलाच्या अर्जात बारा मुद्दे एका ओळीत उभे करतो, आणि न्यायमूर्तींनी पहिल्यावर प्रश्न विचारताच त्याच्या पाठीमागे उभे राहावयास काही नसते. मुरलेला वकील दोनच मुद्दे काढतो, पण प्रत्येकाच्या मागे पुरावा, त्यामागे कायदा आणि त्यामागे निवाडे अशा ओळी लागलेल्या असतात.

कायद्याप्रमाणे येथेही दुरुस्त्या होतात, आणि एका आकड्याच्या दुरुस्तीने सैन्येच्या सैन्ये बदलतात. २००० सालच्या आवृत्तीत चार शिपायांची ओळ पुरी समजली जाई. २००६ मध्ये ती पाचांची झाली. चार बाय चारच्या सोळा शिपायांची तुकडी ज्यांनी हौसेने रंगवून ठेवली होती, त्यांना एका वाक्यापायी आणखी चार शिपाई रंगवावे लागले! पुढे २०१० मध्ये मोठी उलथापालथ झाली. आता दोन ओळी लढू लागल्या, आणि तोंड दहा रुंद केले तर तीन. चाळीस माणसे दहा रुंद उभी केली की तीस वार. तीच पाच रुंद, आठ खोल उभी केली तर दहाच. रुंदीचे राज्य आले असे वाटले. पण त्याच पुस्तकात खोलीला दुसरे वरदान होते. हरलेल्या तुकडीला दोन फासे टाकून आपला धीर सिद्ध करावा लागतो. सामान्य माणसाचा धीर सात. म्हणजे सात किंवा कमी पडले तर तो उभा राहतो. छत्तीस शक्यतांपैकी एकवीस त्याच्या बाजूच्या. मात्र तीन गुणांनी हरला तर सातातून तीन वजा होतात, आणि चार किंवा कमी पडण्याच्या शक्यता छत्तीसात सहाच. नव्या नियमाने सांगितले, की हरलेल्या तुकडीच्या ओळी शत्रूच्या ओळींपेक्षा अधिक असतील तर वजाबाकी करू नये. कितीही मार खाल्ला तरी तिचा धीर सातच. जिंकण्याची कुवत नसलेल्या माणसांना न पळण्याची कुवत त्यांच्या मागच्यांमुळे मिळते, हे आम्ही तेथे प्रथम आकड्यांत पाहिले.

या नियमांत एक बारीक कलम आहे. त्याच्याकडे नवखा खेळाडू लक्ष देत नाही. शिपाई पडतो तो पुढच्या ओळीतला. पण मेजावरून उचलावयाचा तो मागच्या ओळीतला. पुढे जागा रिकामी झाली की मागचा पाऊल टाकून ती भरतो, अशी कल्पना. त्यामुळे झुंज कितीही चालली तरी समोरून पाहणाराला तुकडी अखेरपर्यंत भरलेलीच दिसते. निशाण जाग्यावर, नगारा जाग्यावर, पाचच्या पाच ढाली जाग्यावर. झीज होते ती पाठीमागे. आणि मागची शेवटची ओळ संपून पुढच्या ओळीत पहिली फट दिसते, तेव्हा सावरावयाला वेळ उरलेला नसतो.

खोल रचनेलाही दोष आहेतच. पुरेशा बळाचा शत्रू बगलेवर आला की ओळींचे गुण नाहीसे होतात. इतिहासात दोन्ही बाजूंचे दाखले आहेत. इसवी सनापूर्वी ३७१ मध्ये ल्यूक्ट्रा येथे थीब्ज नगराच्या एपामिनॉन्डसने आपली डावी बाजू पन्नास ढालींइतकी खोल केली, समोरचे स्पार्टाचे लोक बारा खोल होते, आणि स्पार्टाचा दरारा त्या एका दिवसात मोडला. उलट इसवी सनापूर्वी २१६ मध्ये कॅनी येथे रोमन पायदळ नेहमीपेक्षा दाट आणि खोल उभे राहिले. हॅनिबलने त्याला मध्यभागी आत येऊ दिले आणि दोन्ही बगला आवळल्या. दाटीवाटीत मागच्यांना हत्यार उगारावयालाही जागा राहिली नाही.

आपल्याकडे हा विचार मुळीच झाला नव्हता असे कोणी समजू नये. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणात पायदळाच्या दोन माणसांत चौदा अंगुळांचे अंतर ठेवावयास सांगितले आहे. वितीहून दोन अंगुळे अधिक. दंड, भोग, मंडल आणि असंहत अशा व्यूहांच्या चार जाती तो सांगतो. आणि मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात, जेथे राजधर्म आहे तेथे, आमच्या वीस शिपायांच्या प्रश्नाचे उत्तरच आहे. माणसे थोडी असतील तर त्यांना एकवटून लढवावे, पुष्कळ असतील तर हवे तसे पसरावे, असा तेथील आशय. भीष्मपर्वात हाच विचार युधिष्ठिर बृहस्पतीच्या नावाने अर्जुनाला सांगतो. समोर अकरा अक्षौहिणी, आपल्याजवळ सात. थोड्यांनी पुष्कळांशी लढताना सुईच्या टोकासारखे व्हावे असे तो म्हणतो, आणि अर्जुन वज्रव्यूह रचतो.

कीर्तनात अभिमन्यूचे आख्यान लागले म्हणजे आपण सारे एकाच गोष्टीने हळहळतो, ती म्हणजे त्याला आत शिरावयाचे ठाऊक होते, बाहेर पडावयाचे नव्हते. पण द्रोणपर्वाचा प्रसंग नीट पाहिला तर वेगळेही काही दिसते. पांडवांचा बेत अभिमन्यूने एकट्याने जाण्याचा नव्हताच. त्याने वाट फोडावी आणि भीम, युधिष्ठिर, सात्यकी, धृष्टद्युम्न यांनी पाठोपाठ आत शिरावे, असे ठरले होते. शिवाच्या वराने बळावलेल्या जयद्रथाने ते सर्व तोंडाशीच अडवले. अभिमन्यू शौर्यात कमी पडला नाही आणि त्याचे ज्ञान अर्धे होते म्हणूनही केवळ मेला नाही. त्याची मागची ओळ त्याच्यापर्यंत पोचली नाही.

खेळाकडे पुन्हा वळतो. २०१५ साली त्या कंपनीने ते जुने जग कथेतच बुडवले आणि 'एज ऑफ सिग्मार' नावाचा नवा खेळ काढला. त्यात शिपाई गोल बैठकीवर आले. गोल बैठकींची ओळ लागत नाही आणि नव्या नियमांना ती नकोही होती. रुंद की खोल, हा प्रश्नच रद्दबातल झाला. तेव्हा काही खेळाडू जुनी पुस्तके धरून बसले. पुष्कळ जण त्याच नॉटिंगहॅमच्या मँटिक कंपनीकडे गेले. तेथे अलेस्सिओ काव्हातोरे याने लिहिलेला 'किंग्ज ऑफ वॉर' हा खेळ ओळींचाच होता. त्यात पायदळाच्या तुकड्या दहा, वीस, चाळीस किंवा साठ अशा ठरीव आकाराच्या. दहांची तुकडी साधारण दहा वार करते, वीसांची बाराच! मग दहादहांच्या दोन तुकड्या करून वीस वार का घेऊ नयेत? कारण दहांची तुकडी लवकर कोलमडते, आणि शिवाय नियम असा, की वीसांची एक भरीव तुकडी सैन्यात असेल तेव्हाच दहांच्या दोन घेता येतात. सुट्यांचे सैन्य होत नाही. आधी पाठ भरलेली हवी. पुढे जानेवारी २०२४ मध्ये मूळ कंपनीनेच 'द ओल्ड वर्ल्ड' या नावाने जुने जग परत आणले, आणि ओळी पुन्हा लागल्या. नऊ वर्षे जे कोणी जुन्या बैठकी पेटीत जपून राहिले, त्यांच्यावाचून त्या परतण्याला अर्थ राहिला नसता.

हे सर्व आम्ही या मासिकात का लिहितो, याला एक कारण आहे. आमच्या गावच्या देवळात श्रावणात भजनी सप्ताह होतो. सात दिवस, सात रात्री, भजनाचा खंड पडू द्यावयाचा नाही. तीन तासांच्या प्रहराची एक पाळी. अशा छप्पन पाळ्या. एका पाळीला टाळ, पखवाज, पेटी आणि साथीला गळे असे निदान सहा जण हवेत. म्हणजे तीनशे छत्तीस माणसांचे बसणे. पूर्वी घरे भरलेली होती तेव्हा ते सहज निभे. आता मुले पुण्याबंगळूरला आणि आखातात. गेल्या वर्षी नावे मोजली ती बेचाळीस. प्रत्येकाने आठ वेळा बसावयाचे. कागदावर ते होते. रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी होत नाही. आणि आमच्यांत असा कोणी गवई नाही की ज्याने दोघांच्या साथीने तीन तास मंडप धरून ठेवावा. आम्ही सामान्य माणसे.

सभेत कोणी म्हणाले, सप्ताह उत्तम चालला आहे. संध्याकाळच्या आरतीला उभे राहावयास जागा नसते. ते खरे होते. समोरची ओळ भरलेलीच होती. तेव्हा आमचे वृद्ध पखवाजी सावकाश बोलले, की तिसऱ्या रात्री ते आणि एक शाळकरी मुलगा असे दोघेच होते; मुलाला झोप लागली; पुढचे दीड तास त्यांनी स्वतःच वाजवले आणि स्वतःच म्हटले. सकाळी पाळी घेणारे आले तेव्हा भजन चालू होते, म्हणून कोणाला काही कळले नाही.

आम्ही सुचवले, की सप्ताह एका अहोरात्रीचा करावा. वास्कोच्या दामोदराचा सप्ताह नावाने सप्ताहच आहे, आणि तेथील अखंड भजन चोवीस तासांचे असते. आठ पाळ्या, सहासहा माणसे, अठ्ठेचाळीस बसणी. आमचे बेचाळीस जण एकेकदा बसले की काम जवळजवळ पुरे होते, आणि ज्यांना उत्साह आहे ते दुसऱ्यांदा बसतील. थोड्यांनी एकवटावे. यावर आक्षेप घेतला तो त्याच पखवाजींनी. ते म्हणाले, "वकीलबाब, सात दिवस देवाला दिलेले होते. त्यांतले सहा परत घ्यावयाचा अधिकार तुम्हां-आम्हांला कोणी दिला?" आमच्या धंद्यात दिलेले दान परत घेता येत नाही हे आम्ही रोज सांगतो. सभेत आम्हांस लगेच उत्तर सुचले नाही.

दोन बैठकींनंतर ठराव झाला, पण त्यांच्या सांगण्यावरून त्याला एक परंतुक जोडले गेले. प्रत्येक पाळीस सहा माणसे ज्या वर्षी जितक्या दिवसांची भरतील, तितक्या दिवसांचा सप्ताह त्या वर्षी व्हावा. सहा दिवस परत घेतलेले नाहीत. ते देणे राहिले आहे. मसुदा आम्ही लिहिला. आजवर लिहिलेल्या मसुद्यांत आम्हांस तो समाधानाचा वाटतो.

यंदा रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी मंडपात चौदा माणसे होती. त्यांतली निम्मी गात नव्हती. कोणी डोळे मिटून टाळ धरला होता, कोणी नुसताच भिंतीशी टेकून बसला होता. पण भजन म्हणणाऱ्यांचा आवाज गेल्या वर्षीपेक्षा चढा लागला, हे आम्ही स्वतः ऐकले. दुसऱ्या दिवशी समाप्तीनंतर मंडप रिकामा झाला, आणि त्यानंतरचे सहा दिवस देवळात संध्याकाळी जी शांतता होती, ती आम्हांस जड गेली. पखवाजी त्या सहाही दिवशी आले. ते वाजवावयास बसले नाहीत. त्यांनी गावातली तीन मुले गोळा करून आणली होती, आणि त्यांना ते पखवाजाला कणीक लावावयास शिकवीत होते. दोन दिवसांच्या सप्ताहाला शहाण्णव बसणी लागतात, हा आकडा त्यांनी आमच्याकडून दोनदा विचारून घेतला.